मंगळवारच्या नळ्या

१

खून झालाच नव्हता. तक्रार तीच होती.

ज्यांनी मरायला हवं होतं त्या मेल्या नव्हत्या. शंभरातल्या पंच्याण्णव जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात निम्म्या जिवंत, वर पोराबाळांनी घर भरलेलं.

पेशींबद्दल बोलतोय मी. कॅन्सरच्या पेशी, काचेच्या थाळीत वाढवतात आणि किरणांनी मारून बघतात त्या. आणि त्या जिवंत राहिल्या म्हणून माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीवर खोटेपणाचा आळ आला होता.

आधी माझं सांगतो. मी शास्त्रज्ञ वगैरे काही नाही. कॉलेज अर्ध्यात सोडलं, फ्रीज उघडून उघडून फ्रीज शिकलो. ताईच्या संशोधन संस्थेतले फ्रीज, शीतपेट्या, पेशी उबवायचे इनक्युबेटर, सगळ्यांच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आहे. ताई मला 'स्क्रू' म्हणते. कुठला ढिला आहे ते ती सांगत नाही.

त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "स्क्रू, ये. इनक्युबेटर बघायचाय."

गेलो. इनक्युबेटर ठणठणीत होता. ताई बेसिनपाशी उभी राहून एक चंचुपात्र घासत होती. ते आधीच लख्ख होतं. तेव्हाच समजलो, प्रकरण गंभीर आहे. आमची ताई रडत नाही, भांडी घासते.

"काय झालं?"

तिनं हात पुसले आणि दोन थाळ्या माझ्यासमोर ठेवल्या. तळाला जांभळे ठिपके. एक पेशी जगली की तिची पिलावळ होते, बारा दिवसांत त्याचा एक ठिपका दिसतो. जितके ठिपके तितक्या जगलेल्या पेशी. एवढं मला माहीत होतं.

पहिल्या थाळीत चार-पाच ठिपके. टकलावर उरलेल्या केसांसारखे. दुसरीला गोवर आला होता.

"ही गुरुवारची, ही मंगळवारची," ताई म्हणाली. "त्याच पेशी. तेच यंत्र. किरणांची मात्रा तीच, सहा. मिनिटाला एक, म्हणजे सहा मिनिटं. गेल्या दोन महिन्यांत पाच वेळा केलं. दोन गुरुवार बरोबर आले, तीनही मंगळवार असे."

"मग यंत्र मंगळवारी बिघडतं."

"आमच्या प्रयोगशाळेतल्या टायवाल्यानं त्याच मंगळवारी त्याच यंत्रात त्याच पेशी ठेवल्या. त्याच्या मेल्या, व्यवस्थित."

"मग?"

"मग आमच्या विभागाच्या मोठ्या मॅडम म्हणतात की मी सहा मिनिटांऐवजी दोनच मिनिटं यंत्र चालवलं आणि वहीत सहा लिहिलं." तिनं ते चंचुपात्र परत हातात घेतलं. "तीन आठवड्यांनी चौकशी समिती बसतेय. तोवर कारण दाखवलं नाही तर माझं नाव कमी. चार वर्षं, स्क्रू. चार वर्षं पाण्यात."

मी खुर्ची ओढून बसलो.

"तू केलंस का तसं?"

असं विचारणं बरं नव्हे, पण विचारलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की इनक्युबेटरचं तापमान दोन अंशांनी उतरलं असावं.

"नाही."

"मग कुणीतरी केलंय," मी म्हणालो. "शोधतो."

"तू?"

"का? फ्रीज का बंद पडला तेही मीच शोधतो ना. तो तर बोलतही नाही. ही माणसं निदान बोलतील तरी."

२

किरणांचं यंत्र तळघरात. त्याची राखण रजिस्टरकाका करतात. तीस वर्षं एकच खुर्ची, एकच पेन, एकच वही. यंत्रापेक्षा वहीला जास्त जपतात.

"ये, मिस्त्री," काका म्हणाले. "ताईचं ऐकलं. वाईट वाटलं. पोरगी गुणाची आहे."

"काका, तीनही मंगळवारी बटण कुणी दाबलं?"

"मी. आणि मीच बंद केलं. सहा मिनिटं. माझ्या हातून सेकंद इकडचा तिकडे होत नाही."

"मॅडम म्हणतात दोनच मिनिटं झाली असतील."

काकांचा चेहरा असा झाला की मी त्यांच्या वहीवर चहाच सांडला असावा. त्यांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. आत नखाएवढ्या पट्ट्या. किरण लागले की काळवंडतात, जितके किरण तितक्या काळ्या.

"पेशी नळीत भरून यंत्रात जातात, मग वर नेऊन थाळीत घालतात. प्रत्येक नळीच्या पोटाला मी एक चिकटवतो. ही त्या मंगळवारची. मोजून आलीय. सहा म्हणजे सहा."

"मग हे मॅडमना दाखवा की!"

"दाखवलं. म्हणाल्या, पट्टी वेगळी भाजून नंतरही चिकटवता येते." काकांनी पाकीट परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. "तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पट्टीला कुणी खोटं म्हटलं, बाबा."

मी वही मागितली. त्यांनी ती देवघरातली वस्तू द्यावी तशी दोन हातांनी दिली. ओळी स्वच्छ. नळ्या कधी आल्या, यंत्र कधी सुरू झालं, कधी बंद झालं. गुरुवारी: आल्या दहा वाजून पाच, सुरू दहा वाजून दहा. मंगळवारी: आल्या दहा वाजून पाच, सुरू दहा वाजून पन्नास.

"मंगळवारी इतका उशीर?"

"मंगळवारी रक्तपेढीच्या पिशव्या येतात. आजारी माणसांना द्यायच्या आधी त्या रक्ताला किरण द्यावे लागतात. रक्त आलं की बाकी सगळे थांबणार. ताई थांबते, टायवाला थांबतो, खुद्द मॅडम आल्या तर त्यासुद्धा थांबतील."

मग काका मला नळ्या दाखवायला लागले. त्यांना कुणीतरी ऐकणारं हवंच असतं. जाड काचेच्या, बोटभर लांब, आतून रबर लावलेलं फिरकीचं झाकण.

"काठोकाठ भरायची. झाकण गच्च. आत बुडबुडा दिसला की नळी परत पाठवतो. कुणाचीही असो."

"बुडबुड्यानं काय होतं?"

"बुडबुडा म्हणजे ढिलं झाकण. ढिलं झाकण म्हणजे गळती. एकदा एकाची नळी यंत्रात सांडली होती. तीन दिवस यंत्र बंद. तेव्हापासून बुडबुडा दिसला की परत." काका हसले. "तुझी ताई मात्र शिस्तीची. आणि आता तर तू करून दिलेल्या पेटीतून आणते, काय झकास पेटी केलीयस रे! पूर्वी बर्फाच्या बादलीतून आणायची, माझी फरशी ओली व्हायची. आता एक थेंब नाही."

मी लाजलो. ती पेटी ताईच्या वाढदिवसाची भेट होती. सदतीस अंशांवर काटा हलत नाही. तिसऱ्या मजल्यावरून तळघरात येईपर्यंत पेशींना थंडी वाजू नये म्हणून केलेली. ताईनं तिच्यावर 'पाळणा' असं लिहून टाकलंय.

जिना चढताना मी हिशेब लावला. काका खरं बोलत असतील तर किरण लागले होते. पुरते लागले होते. तरी पेशी मेल्या नाहीत.

हे म्हणजे गोळी छातीत शिरली, पाठीतून निघाली, आणि माणूस म्हणतोय, चला, जेवायला काय आहे?

३

टायवाल्याला टायवाला म्हणतात कारण तो पेशींना खाऊ घालतानाही टाय घालतो. ताईच्या शेजारच्या टेबलावर काम करतो. संस्थेत पुढच्या वर्षी कायमची जागा एकच आहे आणि त्या जागेकडे बघणारे दोघं. मॅडमकडे तक्रार घेऊन कोण गेलं असेल, ते सांगायला नको.

"हो, मीच गेलो," तो म्हणाला. मी विचारायच्या आत.

"का?"

"कारण आकडे चुकीचे होते. तुम्ही माझ्या जागी असता तर गेला नसतात?"

"मी आधी तिलाच विचारलं असतं."

यावर तो टायशी चाळा करू लागला.

"तुमच्या पेशी दाखवता?"

दाखवल्या. त्याच्या थाळीतसुद्धा टकलावरचे चार केस. त्याची पद्धत वेगळी. तो पेशी नळीत भरत नाही, पसरट थाळीतच वाढवतो. तळाला पेशींचा विरळ थर, वर पातळसा द्रव, त्यावर सैल झाकण. अख्खी थाळी सरळ यंत्रात ठेवतो.

"ताई तसं का नाही करत?"

"तिला एका वेळी खूप पेशी लागतात. वीस लाख एका मिलिलिटरमध्ये. चार मोठ्या बाटल्यांमधल्या पेशी एका नळीत कोंबते. माझ्या थाळीत जेमतेम काही हजार."

"मंगळवारी तुम्हालाही थांबावं लागलं?"

"पाऊण तास! तुमच्या ताईच्या शेजारीच बाकावर बसलो होतो. रक्ताच्या पिशव्या बघत." मग जरा घुटमळून म्हणाला, "ती कुठे गेली नव्हती. नळ्यांना हात लावला नव्हता. हे मी मॅडमना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही."

"मग आता सांगा."

"सांगितलं तर माझीच तक्रार खोटी नाही का पडणार?"

"तक्रार आकड्यांची होती ना? आकडे चुकीचेच आहेत. ताई चुकीची आहे असं कुठे ठरलंय?"

त्यानं थाळ्या परत जागेवर ठेवल्या. मी उठलो तेव्हा हळूच म्हणाला, "मला ती खोटारडी वाटत नाही. तेच तर कळत नाही."

म्हणजे थांबणं दोघांनाही होतं. थांबून याच्या मेल्या, तिच्या जगल्या. उशिराचा धागा हाताला लागला लागला म्हणेपर्यंत तुटला.

४

मोठ्या मॅडम मोठ्या आवाजात कधीच बोलत नाहीत. त्यांना गरजच पडत नाही.

"तुम्ही फ्रीज दुरुस्त करता ना?"

"हो, मॅडम. आणि तिचा धाकटा भाऊ."

"म्हणजे दोन कारणांनी तुमचं ऐकू नये." पण त्यांनी खुर्ची दाखवली. "बोला."

मी पट्टीचं सांगितलं, वहीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक कागद पुढे केला. तीन मंगळवारांचे तीन आकडे. अठ्ठेचाळीस, पन्नास, एक्कावन्न.

"हे बघा. तीनही वेळा जणू एक तृतीयांश मात्रा लागावी तसे आकडे. निष्काळजीपणाचे आकडे असे नसतात. कधी तीस, कधी सत्तर असतात. हे फार नेमकं आहे. म्हणून मला वाटतं, हे कुणीतरी ठरवून केलंय."

खाली आलो, स्कूटरला किक मारली आणि तेच डोक्यात घोळत राहिलं. फार नेमकं.

आता माझ्या धंद्यातला एक अनुभव सांगतो. माणसानं केलेली गडबड वाकडीतिकडी असते. एकदा जास्त, एकदा कमी, एकदा विसरला. जी गडबड दर वेळी सारखीच येते ती माणसाची नसते. ती वस्तूची असते. कुठेतरी एक वस्तू इमानेइतबारे, मन लावून, चुकीचं काम करत असते.

पण कुठली?

५

उत्तर माशांच्या दुकानात मिळालं.

शनिवारी तिथला हवेचा पंप दुरुस्त करत होतो. दुकानवाली काकू एका गिऱ्हाइकाला दोन मासे देत होती. पिशवीत पाणी थोडंसं घेतलं, मासे सोडले आणि वरून नळीनं हवा भरून पिशवी फुग्यासारखी टम्म केली.

"काकू, पाणी एवढंसंच? मासे कोरडे नाही पडणार?"

"अरे, पाण्यानं काठोकाठ भरली तर घरी पोचेपर्यंत उलटे होतील. माशाला पाणी कमी पडत नाही, हवा कमी पडते. त्यात गर्दी असली की बघायलाच नको."

माझ्या हातातला पाना खाली पडला.

काठोकाठ. बुडबुडा नाही. झाकण गच्च. वीस लाख एका मिलिलिटरमध्ये. आणि पाऊण तास बाकावर.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो, आई, ताई, मी. ताईनं सकाळपासून सगळ्या कढया घासून ठेवल्या होत्या. मी घास खाली ठेवला.

"ताई, नळीतली हवा संपली असणार. पेशी श्वास घेतात ना? पाऊण तासात सगळा ऑक्सिजन खाऊन टाकला असेल. टायवाल्याच्या थाळीला वरून हवा मिळत होती आणि गर्दीही नव्हती. गुरुवारी तू पाच मिनिटांतच आत गेलीस, तेव्हा नळीत हवा शिल्लक होती."

ताई वरण ओतत होती. आईच बोलली.

"अरे पण काय बोलतोस? श्वास कोंडला तर जीव जातो. वाचतो कसा? मग मंगळवारी उलट जास्त मरायला हव्यात ना?"

माझी अख्खी उकल आईनं एका वाक्यात झाडून कचऱ्यात टाकली.

आणि मग बघतो तर ताईचं वरण पानाबाहेर चाललंय.

"अगं, वरण!" आई ओरडली.

"दहा मार्कांना लिहिलं होतं मी," ताई पुटपुटली. "पहिल्या वर्षाला. पाठ होतं. आकृतीसकट."

"काय?"

"ऑक्सिजन नसला की किरणांनी पेशी कमी मरतात. जणू मात्रा एक तृतीयांशच लागली! कॅन्सरच्या गाठीच्या मधल्या भागात रक्त पोचत नाही, हवा पोचत नाही, म्हणून तिथल्या पेशी उपचाराला दाद देत नाहीत, हे तर आम्ही रोज बोलतो. गाठीबद्दल बोलतो! आणि आमच्याच हातातल्या नळीबद्दल..." तिनं कपाळावर हात मारला, तोही वरणाचा.

"मला कळेल असं सांग," आई म्हणाली.

ताईनं माझ्याकडे बघितलं. "स्क्रू, लोखंडावर ओरखडा पडला तर काय होतं?"

"हवा लागली तर गंज चढतो. मग तो जात नाही. लगेच तेलाचं बोट फिरवलं तर काही होत नाही."

"बस्स. किरण पेशीच्या आतल्या धाग्यावर ओरखडे काढतात. त्याच क्षणी ऑक्सिजन तिथे असला तर ओरखडा पक्का होतो, गंजतो म्हण. नसला तर पेशीकडे स्वतःचं तेल असतं, बरेचसे ओरखडे ती पुसून टाकते. तासभर श्वास कोंडला तर अवघडते बिचारी, पण मरत नाही."

"म्हणजे हवा ही मारेकऱ्याची साथीदार," मी म्हणालो.

"आणि मंगळवारी साथीदार हजर नव्हता."

आई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "पण मग हे दोन महिन्यांतच कसं झालं? मंगळवारी रक्त तर आधीपासून येत असेल. झाकणंही आधीपासून गच्च."

आमच्या आईला संस्थेत घ्यायला हवं होतं.

"दोन महिन्यांपूर्वीपर्यंत बर्फात न्यायची मी," ताई सावकाश म्हणाली. "बर्फात पेशी झोपतात. श्वास जेमतेम घेतात. तासभर ठेवल्या तरी हवा पुरते. उबेत मात्र..."

ती मध्येच थांबली. माझ्याकडे बघेना.

मीच म्हणालो, "पाळणा."

सदतीस अंश. काटा हलत नाही. इमानेइतबारे, मन लावून.

आरोपी सापडला होता. त्याच्यासमोरचं वरण गार होत होतं.

६

"पेटीचं नाव काढायचं नाही," ताईनं सोमवारी सकाळी जिन्यात मला बजावलं. "मी सांगेन की इनक्युबेटरमध्ये ठेवल्या होत्या. घरी बनवलेली वस्तू लेखी परवानगीशिवाय आत आणायची नाही असा नियम आहे. मी परवानगी घेतली नव्हती, तुझं काम जाईल."

"ताई, तुझ्यावर आळ काय आहे?"

"खोटं लिहिल्याचा."

"मग त्यावर उतारा म्हणून खोटं सांगणार?"

तिनं मला एक धपाटा घातला. आणि मॅडमच्या खोलीकडे निघाली.

मॅडमनी सगळं ऐकलं. पेटीचंही. काका दाराशी उभे होते, टायवाला खिडकीपाशी.

"उकल छान आहे," मॅडम म्हणाल्या. "पण उकल छान असली म्हणून खरी होत नाही. उबेत ठेवल्यानं पेशी नुसत्याच तगड्या झाल्या असतील, असं कुणी म्हणालं तर?"

"मी म्हणणारच होतो," टायवाला म्हणाला.

"तुम्ही म्हणणारच होतात," ताई म्हणाली. "म्हणून नळ्या चार करू. चारही काठोकाठ, चारही पाऊण तास थांबतील. पहिली पेटीत, जशी मंगळवारी असते तशी. दुसरी बर्फात. तिसरी पेटीतच, पण यंत्रात जायच्या क्षणाआधी झाकण उघडून पिचकारीनं आत हवा फुसफुसवायची आणि मग किरण. नुसत्या उबेचा गुण असेल तर तिसरीतल्या जगतील. हवेचा असेल तर मरतील."

"आणि चौथी?"

"चौथी पेटीत ठेवायची. किरण संपून नळी बाहेर आली की लगेच हवा द्यायची."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. पहिल्यांदाच. "का?"

"हवा नेमकी किरणांच्या वेळेला हजर लागते. नंतर कितीही आली तरी काही उपयोग नाही. तोवर तेल फिरवून झालेलं असतं. माझं खरं असेल तर चौथीतल्या जगतील."

मी मनात म्हटलं, वा. खुनाच्या वेळी साथीदार कुठे होता हेच तर विचारायचं असतं.

"नळ्यांवर आकडे मी घालीन," मॅडम म्हणाल्या. "कुठला आकडा कुठल्या नळीचा ते माझ्याच पाकिटात राहील. पेशी थाळीत घालायचं आणि ठिपके मोजायचं काम," त्यांनी टायवाल्याकडे बोट केलं, "तुमचं. ताई कशालाही हात लावणार नाही."

"तिसऱ्या नळीत बुडबुडे होणार," काका दारातून म्हणाले.

"काका, एकदाच."

"एकदाच," काका म्हणाले. जणू कुणी त्यांची किडनी मागितली होती.

मंगळवारी रक्ताच्या पिशव्या आल्या. आम्ही सगळे बाकावर ओळीनं बसलो. मांडीवर माझी पेटी. पाऊण तास तिचा काटा बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की तो हलावा.

७

बारा दिवस. ठिपके वाढायला तेवढे लागतातच. घरी एकही भांडं मळकं राहिलं नाही. आई म्हणाली, आता शेजाऱ्यांची मागवू का?

तेराव्या दिवशी दुपारी मॅडमच्या खोलीत टायवाल्यानं चार थाळ्या उजेडात ठेवल्या. वर मॅडमनी घातलेले आकडे. तो रात्रभर झोपला नसावा. टाय नव्हता.

दोन थाळ्या टकल्या. दुसऱ्या दोघींना गोवर.

"सतरा क्रमांक, पाच," तो वाचू लागला. "चाळीस क्रमांक, एकोणपन्नास. आठ क्रमांक, सहा. एकतीस क्रमांक, बावन्न. शंभरामागे."

मॅडमनी पाकीट फोडलं. कागद उलगडायला त्यांना फार वेळ लागला, का मलाच तसं वाटलं.

"सतरा म्हणजे बर्फाची. आठ म्हणजे पेटीतली, आधी हवा दिलेली." त्या थांबल्या. "चाळीस, नेहमीची पेटीतली. आणि एकतीस..."

ताईनं माझं मनगट इतकं आवळलं की घड्याळाचा पट्टा रुतला.

"...नंतर हवा दिलेली. बावन्न."

ताईनं मनगट सोडलं. मग काका दारातून म्हणाले, "म्हणजे पट्टी खरी होती."

"पट्टी खरी होती," मॅडम म्हणाल्या. आणि मग त्या जागेवरून उठल्या. आम्ही त्यांना कधी कुणासाठी उठताना पाहिलेलं नाही. "वहीही खरी होती. काका, माझं चुकलं." त्या ताईकडे वळल्या. "तुझ्या बाबतीतही. मी वीस वर्षं हा धडा शिकवतेय. मलाही सुचलं नाही. समितीला मी स्वतः लिहिते, तक्रार मागे."

"तक्रार माझी होती," टायवाला म्हणाला. "मागे घेतल्याचं पत्र मी देतो. आणि त्या बाकाबद्दलही लिहितो. ती जागची हलली नव्हती, हे मी आधीच सांगायला हवं होतं."

ताई त्याच्याकडे वळली. "पुढच्या वेळी आधी मला विचार," ती म्हणाली. "शेजारचं तर टेबल आहे."

सुटलो, असं मला वाटलं. तेवढ्यात मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"पेटी छान आहे. काटा खरंच हलत नाही. पण परवानगीशिवायची आहे. नियम म्हणजे नियम. तीन महिने तुम्हाला संस्थेत प्रवेश बंद."

मी मान डोलावली. बरोबरच होतं. माझ्या प्रेमानं तीन मंगळवार नासवले होते. तेही अगदी नेमकेपणानं.

नंतरच्या गुरुवारी ताईनं मला फाटकाबाहेर बोलावलं. मी कुंपणाच्या अलीकडे, ती पलीकडे. तुरुंगात भेटायला यावं तशी. तिच्या हातात पाळणा होता आणि दुसऱ्या हातात एक कागद, वर मॅडमची सही.

"वाच."

वाचलं. पेटी वापरायची लेखी परवानगी. खाली ताईच्या प्रबंधातल्या नव्या प्रकरणाचं नाव. गाठीतल्या हवा न मिळणाऱ्या पेशींवर किरणांचा परिणाम.

"त्या पेशी प्रयोगशाळेत तयार करायला लोक मोठमोठी वायूची यंत्रं लावतात," ती म्हणाली. "आमच्याकडे नाहीत. आमच्याकडे हा आहे. गच्च नळी, ऊब, पाऊण तास. तू चुकून केलंस ते आता आम्ही मुद्दाम करणार. फक्त आत एक काटा बसव, नळीत ऑक्सिजन किती उरला ते सांगणारा. जमेल?"

"शिकावं लागेल."

"मग शीक. तीन महिने मोकळाच आहेस."

तिच्या मागून काका येताना दिसले, काखेत वही. धापा टाकत फाटकापाशी पोचले.

"मिस्त्री, बघ, नवा रकाना आखलाय." वही त्यांनी कुंपणाच्या गजांमधून माझ्या नाकाशी धरली. ठळक अक्षरांत मथळा: थांबली किती मिनिटं. "आणि झाकणाचा नियमही बदललाय. नेहमीच्या प्रयोगाला अर्धी नळी, हलवून आणायची. आत बुडबुडा दिसला पाहिजे."

"आणि नाही दिसला तर, काका?"

"तर काय?" काका म्हणाले. "नळी परत. कुणाचीही असो."